साडूभाऊंचे व्हॉल्व्ह

उपवर मुलीसाठी स्थळ बघताना माणसं जेवढी चिकित्सा करतात, तिच्या दसपट चिकित्सा आमच्या साडूभाऊंनी दोन काचेच्या व्हॉल्व्हसाठी केली. त्यांच्या स्वतःच्या मुलींची लग्नं त्या मानाने चहा गार व्हायच्या आत ठरली होती. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. भिलाईच्या कारखान्यात मोटरी दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी वैशाली नगरात घर बांधलं. तरुणपणी ते तिथल्याच कॅम्प-१ या वस्तीतल्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा कुणाच्या वाट्याला तबला आला, कुणाच्या वाट्याला माइक. यांच्या वाट्याला आला बेसचा अ‍ॅम्प्लिफायर, भरलेल्या दोन सिलिंडरांइतका जड आणि जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हवर चालणारा. चालू केला की मागच्या काचेच्या नळ्यांत तांबूस तारा पेटतात, आणि त्या तापेपर्यंत वाजवणाऱ्याने गुमान बसायचं असतं. तो इकडचा तिकडे हलवायचा झाला की बोलावणं मला येतं. साडू या नात्याचा याहून दुसरा उपयोग मला अजून सापडलेला नाही.

ही सगळी चिकित्सा चालली होती ती ताईंसाठी, म्हणजे त्यांच्या पत्नीसाठी. ताईंना गेली काही वर्षं ऐकू कमी येतं. आधी कुकरची शिटी गेली, मग नातीची बडबड. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज आधी जातात, जाडे आवाज जास्त टिकतात. कानाचं यंत्र आणलं, तर ताईंनी ते "कानात माशी घोंगावते" म्हणून शिवणाच्या डब्यात ठेवून दिलं. पण संध्याकाळी साडूभाऊंनी बेसची जाडी तार छेडली की लोखंडी पलंगावर भाजी निवडत बसलेल्या ताईंचा पाय आपोआप ठेका धरायचा. नवऱ्याचं निम्मं बोलणं हुकायचं, पण हे हुकत नसे. गेल्या उन्हाळ्यात व्हॉल्व्ह म्हातारे झाले, आवाज ओल्या फडक्यासारखा लोळायला लागला, आणि ताईंचा पाय थांबला. त्या दिवशी साडूभाऊ जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काम हाती घेतलं, ते अर्थातच कारखान्याच्या पद्धतीने. तिथला नियम असा, की मशीन उघडण्याआधी स्विच बंद करून त्यावर लाल पाटी टांगायची, आणि ज्याने टांगली त्यानेच ती काढायची. साडूभाऊंनी घराच्या मेन स्विचला पाटी टांगली, अ‍ॅम्प्लिफायरचं मागचं झाकण उघडलं, आणि तेवढ्यात कुरुदला भाच्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, असल्याचं आठवलं म्हणून स्कूटर काढून निघून गेले. मे महिन्याची दुपार. मी पोचलो तेव्हा ताई बंद कुलरसमोर सुपाने वारा घेत बसल्या होत्या. मी स्विचकडे हात नेताच त्या कडाडल्या, "हात नोका लावू भाऊ! ज्यानं पाटी लावली त्यानंच काढा लागते!" साडूभाऊंच्या नोकरीची सगळी वर्षं त्यांनीही घरात बसून भरलीच होती. मी फोन लावला, तर पलीकडून उत्तर आलं, "भाऊ, पाटीचं परमिट फोनवर क्लिअर होत नाई." आणि ते अर्ध्या जेवणावरून उठून, रणरणत्या उन्हात परत आले, स्वहस्ते पाटी काढली आणि पुन्हा जिलेबीसाठी कुरुदला गेले.

मग व्हॉल्व्ह बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. रशियन जोडी आली, चिनी जोडी आली. दुर्गच्या एका भंगारवाल्याकडून बंद पडलेल्या टॉकीजच्या मशीनमधली जोडीही आली, पण तिच्यातला एक व्हॉल्व्ह मेलेला निघाला. मडकं घेताना वाजवून बघतात तसा साडूभाऊ प्रत्येक व्हॉल्व्ह पेन्सिलीने टिचकावून बघत. सगळ्यात मोठी अट, जोडीतल्या दोघांनी सारखाच करंट ओढला पाहिजे. "येक बैल ओढे अन दुसरा झोपे, तं बंडी कायची चालते?" असं म्हणून ते मीटर लावायचे, आणि सुई केसभर जरी चुकली तरी तोंड वाकडं करायचे.

शेवटी परीक्षेचा दिवस आला. परीक्षक ताई. बोटं दिसू नयेत म्हणून त्यांना भिंतीकडे तोंड करून पलंगावर बसवलं. रशियन जोडी मीटरवर पहिली आली होती. साडूभाऊंनी जीव ओतून वाजवलं. बऱ्याच वेळाने ताईंनी विचारलं, "सुरू केलं काय?" चिनी जोडीला त्या म्हणाल्या, "कुलर लावला वाटते." साडूभाऊंचा चेहरा मला बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, टॉकीजवाला एक जिवंत आहे, तो एका रशियनाबरोबर लावून पाहा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चपला घालून देवघरात शिरलोय. "मॅच नाई भाऊ. पाप होय हे." पण लावला. अ‍ॅम्प्लिफायर घुमायला लागला. साडूभाऊंनी डोळे मिटून जाडी तार छेडली, आणि पलंगावरचा पाय हलला. कारण मला विचारू नका, त्यांनाही सांगता आलं नाही. ताई वळून म्हणाल्या, "आता कसं! इतके दिस कावून लपवून ठेवलं होतं?"

साडूभाऊंनी मीटर डब्यात घातलं. मला म्हणाले, "हे जोडी लवकर जाईन." मग मागचं झाकण लावताना म्हणाले, "जाईन तवा पाहू." आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस नियमाबाहेरची वस्तू तशीच ठेवून झोपला.

त्या दिवशी आवाजाचं बटण दहापैकी चारावर होतं. दिवाळीत गेलो तेव्हा ते सहावर होतं, त्याखाली ताईंचा पाय हलेना. शेजारणीच्या मांडणीवरची भांडी थरथरतात. ती भांडायला आली होती, पण ताईंचा पाय पाहून चहा पिऊन गेली. मी ही हकिगत सगळ्यांना हसून सांगतो, पण खरं सांगायचं तर मला साडूभाऊंचा हेवा वाटतो, आणि त्यांची काळजीही. गेल्या रविवारी मी गेलो, तर बटण नवावर. ताई पाठमोऱ्या बसल्या होत्या, पाय हलत होता. मी बटणाकडे पाहिलेलं साडूभाऊंनी पाहिलं. वाजवणं न थांबवता ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "दहा बाकी हाय ना भाऊ अजून."