मागच्या बाकावरचं ऐकणं

पद्माबाई खिल्लारे हिंगोलीच्या कॉलेजात मराठी शिकवायला आल्या ते साल चौऱ्याहत्तर. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. कॉलेज नवंच होतं, चार खोल्या पक्क्या आणि बाकीच्यांवर पत्रे. बाई डोंगरकड्याजवळच्या एका खेड्यातल्या. वडील जळबा रस्त्याच्या गँगवर मजूर, आई सखुबाई रोजानं शेतात जाणारी. त्यांच्या बौद्धवाड्यातून एम.ए. झालेलं पहिलं माणूस म्हणजे पद्माबाई.

नोकरी लागली, पण खोली लागेना. आडनाव सांगितलं की घरमालकाला एकाएकी आठवायचं, खोली पुतण्याला द्यायची ठरली आहे. शेवटी सोजराबाई नावाच्या एकट्या म्हाताऱ्या सुईणीनं आपल्या घरातली रस्त्याकडची खोली त्यांना दिली. "मी सगळ्या जातीची लेकरं याच हातानं काढली," ती म्हणाली. "तू खुशाल ऱ्हाय."

त्याच महिन्यात प्राचार्यांनी सगळ्या प्राध्यापकांना बोलावून एक नवी योजना सांगितली. दर नव्या माणसाला वर्षभरासाठी एक जुना माणूस जोडून द्यायचा, आणि तो मुद्दाम दुसऱ्या विभागाचा. जुन्यानं आठवड्यातून एकदा नव्याच्या वर्गात मागं बसायचं आणि नंतर दोघांनी बोलायचं. "आपल्याच विभागाचा माणूस एक तर चुका काढतो, नाही तर नोट्स लपवतो," प्राचार्य म्हणाले. "दुसऱ्या विभागाच्या माणसाला विषय कळत नाही. त्याला नुसतं शिकवणं दिसतं."

इतिहासाला भौतिकशास्त्र मिळालं, अर्थशास्त्राला वनस्पतिशास्त्र. पद्माबाईंच्या वाट्याला आले प्राणिशास्त्राचे प्रेमसिंग राठोड. पंचेचाळिशीचा, वाळका, कमी बोलणारा माणूस. गोरेगावच्या पलीकडच्या तांड्यावर वाढलेला. बाटल्यांमधल्या सापांच्या आणि बेडकांच्या खोलीत ते दिवसभर बसून असत. त्यांची झोप उडाली आहे, असं सगळे म्हणत. डोळे कायम लाल.

पहिल्या मंगळवारी राठोड सर आले आणि शेवटच्या बाकावर भिंतीकडच्या टोकाला बसले. वही नाही, पेन नाही. बसल्या बसल्या त्यांनी डोळे मिटले. पद्माबाईंना वाटलं, झोपले. तास संपल्यावर पोरं गेली तशी सर जवळ आले.

"अकरा वाजून वीस मिनिटांनी तुमी वर्गातून गेल्या," ते म्हणाले.

"मी तर इथंच होते, सर."

"तोंड इथं व्हतं. तुमी नव्हत्या. पाचेक मिनिटांनी परत आल्या."

बाईंना राग आला. पण रस्त्यानं जाताना त्यांना आठवलं: शिकवता शिकवता मधेच एका घरमालकाच्या बायकोचा चेहरा त्यांच्या डोळ्यापुढं आला होता, दार लावून घेताना तिनं उंबऱ्यावर पाणी टाकलं होतं ते. हे त्यांनी सोजराबाईलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सर म्हणाले, "खिडकीजवळची ती पोरगी सकाळपासून उपाशी हाय." चौकशी केली तर खरंच होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणाले, "फळ्यावर लिहिताना तुमी पाठ आंधळी ठेवता. पाठीनं ऐकायचं. कोण हललं, कुणाचा श्वास अडकला, सगळं मागून येतं."

पद्माबाई शिकत गेल्या. दिवाळीपर्यंत असं झालं की फळ्याकडं तोंड करून लिहीत असताना कुठल्या बाकावरचं लक्ष उडालं हे त्यांना कळायचं. वर्ग भरू लागला. दुसऱ्या विषयाची पोरंही दाराशी उभी राहून ऐकू लागली. आपल्याला शिकवता येतं, हे सुख त्यांना त्या वर्षी पहिल्यांदा मिळालं आणि ते राठोड सरांनी दिलं होतं.

जानेवारीत सरांची आई आजारी पडली. सर रजा घेऊन तांड्यावर गेले. त्या मंगळवारी बाई जात्यावरच्या ओव्यांवर शिकवत होत्या. त्यांची आई पहाटे म्हणायची त्यातली एक ओवी त्यांनी म्हणायला घेतली आणि अर्ध्यावरच सोडली. त्या फळ्याकडं वळल्या. तेवढ्यात त्यांच्या पाठीला कळलं की सर मागं बसले आहेत. डोळे मिटून बसल्यावर त्यांचा तो संथ, जड श्वास. बाई गर्रकन वळल्या. शेवटच्या बाकाचं टोक मोकळं होतं.

वर्ग मात्र गच्च होता. पुढच्या बाकांवर चार-चार जण दाटीनं बसलेले, दोघं खिडकीत टेकून उभे, आणि ती जागा रिकामी.

"तिथं जाऊन बसा की," बाई खिडकीतल्या दोघांना म्हणाल्या.

त्यातला देवला चव्हाण दोन वर्षं मास्तरकी करून मग कॉलेजात आलेला, बायकालेकरांचा धनी. तो म्हणाला, "तिथं राठोड सर बसून राहिले ना, बाई." मग त्यानं मान वळवून बाकाकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आत्ता व्हते," तो हळू म्हणाला.

 तास संपेपर्यंत त्या जागेवर कोणी बसलं नाही.

रविवारी पद्माबाई एसटीनं सेनगावला, तिथून गोरेगावला आणि पुढं तासभर चालत तांड्यावर गेल्या. निमित्त आजारी म्हातारीला भेटायचं. भर दुपार होती. सर खोपटासमोर बाजेच्या उशाशी बसलेले, बाजेवर म्हातारी. बाईंनी अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"ती ओवी अर्ध्यावर काहून सोडली?" सरांनी विचारलं.

बाई चपला घालूनच पुढं झाल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी ऐकत व्हतो. हितं याडीचे, माझ्या मायचे, पाय दाबून राहिलो व्हतो आन् तुमचा तास ऐकू येऊन राहिला व्हता."

म्हातारीनं डोळे न उघडता गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, काहीतरी म्हटलं. बाईंनी सरांकडं पाहिलं.

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणते, बाईला खरं सांग." सरांनी दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले. "निजामाच्या वक्ताला परभणीत मला फारसीचे एक मौलवीसाब व्हते. मी नवा नवा मास्तर झालो तवा ते माझ्या वर्गात मागं बसायचे. त्यांना माझं शिकवणं गाव सोडून गेल्यावरबी ऐकू यायचं. मरायच्या आधी म्हणले, प्रेमसिंग, ही तकलीफ आता तुझी. तवापासून मी ज्याच्या मागं बसलो त्याचा वर्ग मला ऐकू येतो. जेवताना, अंघोळीला, कुठंबी. वीस वर्षं झाली. एका माणसाची बदली झाली, तो बीडला गेला. त्याचे तास मी हितं बसून ऐकतो. झोप कशी लागंल?"

"आणि आता?"

"आता ते कमी होऊन राहिलं. तुमची पाठ ऐकायला लागली तसं माझं कमी होऊन राहिलं."

बाई एक पाऊल मागं सरल्या. "मला विचारलं नाहीत तुम्ही," त्या म्हणाल्या.

"न्हाई विचारलं," सर म्हणाले. "विचारलं असतं तर तुमी न्हाई म्हणल्या असत्या."

परतीच्या एसटीत बाईंनी स्वतःची समजूत घातली. माणूस दमलेला आहे, आईच्या आजारपणानं भ्रमलेला आहे. पुढं म्हातारी वारली आणि सर कामावर आले. आले ते बदलूनच. डोळ्यांची लाली गेली, अंग भरलं. स्टाफरूममध्ये ते खुर्चीत घोरू लागले. बाईंच्या वर्गात त्यांनी परत पाऊल टाकलं नाही. वर्ष संपलं, योजनेच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. पुढची दोन वर्षं काहीच घडलं नाही आणि पद्माबाई ते सगळं जवळजवळ विसरून गेल्या.

सत्याहत्तर साली त्या स्वतः जुन्या झाल्या. प्राचार्यांनी त्यांना रसायनशास्त्रातला नवा माणूस जोडून दिला: ग्यानबा कावरखे. पंचवीस वर्षांचा, साठ एकरांच्या घरचा, अंगात थोडी ऐट. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "बाई, तुमाला रसायनातलं काय कळणार?"

"काहीच न्हाई," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मला पाठवलं."

तो ओशाळला आणि मग हसला. बाई मंगळवारी त्याच्या वर्गात मागं बसू लागल्या. पोरगा हुशार होता, पण फळ्याशी बोलायचा. बाईंनी त्याला पोरांकडं वळवलं.

चौथ्या का पाचव्या आठवड्यात चुलत बहिणीच्या साखरपुड्यासाठी त्या आखाडा बाळापूरला गेल्या. मंगळवारच होता. बांगड्यांच्या दुकानात हात पुढं करून बसल्या असताना मागून कावरख्याचा आवाज आला, स्वच्छ, दोन हातांवरून यावा तसा. हा इथं कुठं आला म्हणून त्यांनी वळून पाहिलं. रस्त्यावर ट्रक होते, बैलगाड्या होत्या, कावरखे नव्हता. आवाज मात्र थांबला नाही. तो आम्लाबद्दल सांगत होता. एका पोरानं खोकलेलं ऐकू आलं, खडूचा कर्रकन आवाज आला. बांगडीवाली म्हणाली, "ताई, हात काहून मागं घेतला?"

मग ते त्याच्या दर तासाला होऊ लागलं. घड्याळ न बघता बाईंना कळायचं की कावरख्याचा वर्ग सुरू झाला. सोजराबाई समोर बसून बोलत असायची आणि तिच्या बोलण्यावर दुसरं बोलणं चढायचं.

नोव्हेंबरात वडील अंथरुणाला खिळले. बाई रजा टाकून गावी गेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी जळबांनी लेकीला खूण करून जवळ बोलावलं. आई पाणी आणायला आत गेली होती. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि कान ओठांपाशी नेला. जळबांचे ओठ हलले. चार-पाच शब्द असतील. पण त्याच क्षणी तिकडं हिंगोलीत तास भरला होता, आणि बाईंच्या कानात कावरखे ठासून सांगत होता, "आता या पाण्यात आणखी मीठ विरघळणार नाही."

ओठ थांबले. हातातला हात जड झाला.

आईनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. वडील गेले हे तिला दारातूनच कळलं होतं. बऱ्याच वेळानं, वाड्यातली माणसं जमल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणले गं तुला?"

"म्हणाले, आईला जप," पद्माबाई म्हणाल्या.

सखुबाई पदर तोंडाला लावून रडली, आणि पुढं आयुष्यभर तेवढ्या दोन शब्दांवर जगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, जाताना त्यांना माझी आठवण झाली. ते ऐकताना दर वेळी पद्माबाई उठून आत जायच्या.

कामावर परत आल्या तशा त्या सरळ प्राणिशास्त्राच्या खोलीत गेल्या. राठोड सर बाटल्या पुसत होते. बाईंनी सगळं सांगितलं. सरांनी कानाला हात लावून दोनदा "काय म्हणल्या?" विचारलं.

"तांड्यावर तुम्ही मला सांगितलं होतं, सर. मौलवीसाहेबांचं."

"मौलवीसाब?" सर आठवू लागले. चेहरा भला, मोकळा, आणि त्यात ओळखीचं काही नाही. "फारसीचे व्हते एक. चांगले व्हते. पण असं मी काई म्हणलो व्हतो का, बाई?"

शेजारच्या खोलीत त्यांचा वर्ग खोळंबला होता. पोरांचा गोंगाट भिंतीतून येत होता आणि सरांना तो ऐकूच येत नव्हता. बाईंनी ओळखलं की ते ऐकणं जाताना एकटं गेलं नाही. त्याच्याबरोबर राठोड सरांमधला मास्तरही गेला.

तो हिवाळा पद्माबाईंनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. देऊन टाकायचं तर माणूस समोरच होता. कावरखे आता फळ्याकडं तोंड करूनसुद्धा पोरांची चुळबूळ ओळखू लागला होता. आणखी दोन महिने त्याच्या मागं बसलं की काम होणार, हे बाईंना दिसत होतं. आणि फेब्रुवारीत तो स्वतःच म्हणाला, "बाई, गेल्या मंगळवारी तुमी आल्या नव्हत्या. पण मला सारखं वाटून राहिलं, कोणी तरी मागं बसलंय. पोरंबी त्या बाकावर बसली न्हाईत."

त्या मंगळवारी बाई घरी तापानं पडून होत्या, आणि त्याचा तास त्यांनी शब्दन् शब्द ऐकला होता.

त्यांनी कावरख्याला कॉलेजामागच्या लिंबाच्या पारावर नेलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तांडा, मौलवीसाहेब, बाळापूर, राठोड सरांचे कान. वडिलांचंही सांगितलं, मीठ आणि पाणी हे शब्द ऐकल्यावर पोरगा पांढरा पडला.

"मला न विचारता दिलं गेलं," बाई म्हणाल्या. "मी तुमाला विचारून राहिले. घेतलं तर तुमच्याइतकं चांगलं शिकवणारं माणूस या भागात ऱ्हाणार न्हाई. पण घरात तुमी अर्धेच ऱ्हाल. घ्यायचं का?"

कावरखे रसायनवाला. तो हसून उडवील असं बाईंना वाटलं होतं. त्यानं उडवलं नाही. आठ दिवस तो त्यांच्यासमोर आला नाही. नवव्या दिवशी आला आणि उभ्यानंच बोलला.

"बाई, माझ्या बायकोला सहावा महिना हाय. मला लेकराचं रडणं ऐकायचंय. मला न्हाई जमणार."

"बरं," बाई म्हणाल्या.

त्या आठवड्यापासून त्या मागं बसेनाशा झाल्या. फळ्याशेजारी खुर्ची टाकून, सगळ्यांसमोर, कावरख्याकडं तोंड करून बसू लागल्या. जे सांगायचं ते तोंडानं सांगू लागल्या, तेही तिथल्या तिथं. प्राचार्यांना हे विचित्र वाटलं, पण त्यांनी अडवलं नाही. कावरख्याचा वर्ग बेताचाच राहिला. चांगला, पण बेताचा. त्याला मुलगी झाली. बाई बारशाला गेल्या तेव्हा जनकाबाई नावाची त्याची आई त्यांना घरात घेऊन गेली आणि लेकरू त्यांच्या मांडीवर दिलं.

पुढं पद्माबाईंना प्राचार्यांनी आणखी दोनदा नवा माणूस देऊ केला. दोन्ही वेळा त्यांनी लेखी नकार दिला. कारणाच्या जागी लिहिलं, तब्येत. ऐकणं त्यांच्याजवळच राहिलं. सकाळी सोजराबाईच्या चुलीपुढं बसून चहा घेताना कावरख्याचा तास लागला की त्या मधेच कप खाली ठेवायच्या आणि मान थोडी वाकडी करायच्या. सोजराबाईला आता सवय झाली होती. ती बोलायची थांबायची आणि तास संपायची वाट बघत चुलीत काटक्या सारत बसायची.