जागा बघून येणं

दादा गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्याच्या धाकट्या मुलीने जेवताना विचारलं, "यंदा रानात जायचं न्हाय का?"

वहिनींची तव्यावरची भाकरी नेहमीपेक्षा थोडी जास्त वेळ तशीच राहिली. मग त्यांनी ती उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावजी नेनार असतील तर जाऊ. पन ते करायचे तसंच झालं पायजे सगळं."

त्या 'जाऊ' म्हणाल्या, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. सहा महिने त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. बाजार मी करत होतो, मुलांच्या शाळेत मी जात होतो. आता त्या बाहेर पडायला तयार होत्या, आणि ते मी सहल कशी आखतो यावर अवलंबून होतं. मी कॉलेजात शिकवतो. तोवर मी कधी कशाची आखणी केली नव्हती.

दादा माझा थोरला भाऊ. नव्वदच्या दशकात दर वर्षी, संक्रांत आणि शिमग्याच्या मधल्या एखाद्या रविवारी, तो आमच्या घरच्या पंधरा-सोळा माणसांना टेम्पोत घालून राधानगरीच्या पुढे न्यायचा. अभयारण्याच्या हद्दीअलीकडे एक ओढा होता, त्याच्या काठी आम्ही बसायचो. टेप लावायचा नाही, ही त्याची अट. गवत पिवळं पडलं की काडीसुद्धा ओढायची नाही. नेलेलं सगळं परत आणायचं, संत्र्याच्या सालीसकट. ऊन कलायला लागलं की मुलं पाण्यातून बाहेर आणि साडेतीनला टेम्पो सुरू. मी झाडाखाली पुस्तक घेऊन बसत असे. हे सगळं आपोआप होतं असं वाटण्याइतकं ते सुरळीत व्हायचं.

आधी तो जागा बघून येतो, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कधी जातो ते कुणी विचारलं नाही. नोकरी पाटबंधारे खात्यातली, फिरतीची, त्यामुळे कामाच्या वाटेवर डोकावत असेल असं आम्ही धरून चाललो होतो. सहलीच्या आधीच्या रविवारी मात्र तो आणि वहिनी न चुकता जोतिबाला जायचे आणि सगळ्यांसाठी प्रसादाचं खोबरं आणायचे.

तर मीही आधी जागा बघायला गेलो. एस.टी.ने गेलो आणि पुढे चाललो. दादाची स्कूटर बोळात चादरीखाली उभी होती, तिला हात लावायचं धाडस मला झालं नव्हतं.

ओढ्याचं पाणी कमी होतं. दादा ज्या सपाट दगडावर बसायचा त्यावर मी बराच वेळ बसलो. फार बरं वाटलं, आणि तेवढ्यावरच मी परत आलो असतो. उठताना चिखलात खुरांचे ठसे दिसले. बैलाचे असावेत तसे, पण अधिक खोल. जवळच शेण पडलेलं होतं. गव्यांविषयी मी पुस्तकात पुष्कळ वाचलं होतं. पण ते शेण किती जुनं, हे मला सांगता येईना.

परतताना नाक्यावर एक म्हातारा वनरक्षक भेटला. दादाला ओळखणारा. म्हणाला, "पावणं, यंदा वरचं पाणी आटलंय. कळप खाली उतरतोय. दिवसाबी उतरतोय."

"मग आम्ही काय करावं?"

"ते तुमी ठरवा की. तुमच्या भावाला मी कधी सांगितलं न्हाय. त्योच मला सांगायचा."

संध्याकाळी ताई आणि दाजी कोडोलीहून आले. दाजी म्हणजे ताईचे यजमान, ऊसवाले शेतकरी. आवाज रानातल्या माणसाला हाक मारल्यासारखा. त्यांनी टेम्पो ठरवला होता, मटण सांगून ठेवलं होतं आणि चुलीसाठी तीन दगडसुद्धा पोत्यात घालून आणले होते. ओढ्यावर बसायचं नाही आणि गवत पिवळं पडलंय तेव्हा चूलही पेटवायची नाही, असं मी म्हणालो तेव्हा ते माझ्याकडे बघत राहिले.

"त्याची जागा हाय ती," ते म्हणाले. "तितं बसायचं, त्याच्या नावानं एक घास ठेवायचा, म्हणून तर निघालोय. आनि तुमी म्हनताय दुसरीकडं जाऊ?"

"गवे उतरतायत, दाजी."

"गवं काय आज जन्मलं? धा वर्सं जातोय की आपन. माझ्या रश्श्याचा वास आला की पळतंय ते."

"मानसंच पळत्यात, गव्याचं काय घेऊन बसलाय," ताई म्हणाली.

सगळे हसले. एरवी अशा हशात मी वाद सोडून देत आलो आहे. त्या दिवशी सोडला नाही. मी म्हणालो, "दादाने जागा जपली नाही, माणसं जपली. ओढा धोक्याचा असता तर त्यानेच पहिल्यांदा सोडला असता." बोलून झाल्यावर मला वहिनींची भीती वाटली. 'ते करायचे तसंच' ही त्यांची अट होती, आणि मी त्यातली जागाच काढून टाकत होतो.

त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या.

"शेण काडीनं मोडून बघितलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"वरनं वाळल्यालं दिसतं. आत हिरवं, ओलं असलं तर त्याच दिवसाचं. खूर पान्याकडं जातानाचं हुतं का परत चढतानाचं?"

"दोन्हीकडचे होते."

"बारकं हुतं का त्यात? मोठ्याच्या शेजारी?"

मी आठवून बघितलं. होते. मोठ्या खुराला लागून, अगदी चिकटून.

"मग पिल्लू हाय संगट. तितं न्हाय जायाचं," वहिनी म्हणाल्या.

"पिल्लू हाय व्हय?" दाजींचा आवाजसुद्धा खाली आला. ताईने विचारलं, "वहिनी, तुमाला हे कसं ठावं?"

"दर साली मीच मागं बसून जायचे की. ते वर बघायचे, वाळकी फांदी कुठं लोंबकळतीय, मोहोळ कुठं हाय. खालचं बघायचं काम माझं. भुई, पानी, बिळं."

"कवा जायचा?"

"जोतिबाला म्हनून निघायचो तवाच. घरात सांगितलं असतं तर पोरं मागं लागली असती."

दाजींनी विचारलं, "मग ते खोबरं?"

"ते कोपऱ्यावरच्या दुकानातलं."

"धा वर्सं मी ते कपाळाला लावून खाल्लंय," दाजी म्हणाले. ताईला हसू आवरेना, आणि तिच्यामागोमाग वहिनीही हसल्या. त्या घरात पुष्कळ दिवसांनी.

मग त्यांनी पदराला हात पुसले. "दुसरी जागा बघाय पायजे. रविवारी जाऊ. स्कूटर चालू हुतीय का बघा, भावजी."

"गल्लीतली मानसं काय म्हनतील," ताई हळूच म्हणाली.

"सांगा, जोतिबाला गेलीय म्हनून."

स्कूटर चालू व्हायला पाऊण तास गेला. राधानगरीपर्यंत आम्ही कुठे थांबलो नाही. पुढे त्या अधूनमधून 'थांबा' म्हणायच्या. उतरायच्या, चार पावलं चालायच्या, परत येऊन बसायच्या. दोन जागा त्यांनी काही न सांगता नाकारल्या. तिसरी रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होती. जांभळाची चार झाडं, समोर मोकळा माळ, चारही बाजूंनी दिसणारा. ओढा नव्हता. पाणी घरून न्यावं लागणार होतं, आणि रस्सा दाजींना घरी शिजवून दुधाच्या किटलीतून आणावा लागणार होता. पुढच्या रविवारी त्यांनी तो आणला. पहिल्या घासालाच 'गार झालाय' असं जाहीर केलं, आणि शेवटपर्यंत स्वतःच वाढत राहिले.

पण ते नंतर. त्या दिवशी वहिनी झाडाखाली वाकून पाचोळा काडीने बाजूला करत होत्या. मी नुसताच उभा होतो.

"वर बघा की," त्या मान वर न करता म्हणाल्या.

मी वर बघितलं. दुसऱ्या झाडाची एक फांदी वाळलेली होती, तिच्याखाली कुणी बसायचं नाही, असं मी सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या झाडाकडे सरकल्या.