काटा, फॉर्म आणि सुनंदाचं ताट

आमच्या फॉर्मच्या शेवटी ‘शेरा’ नावाचा रकाना आहे, दोन बोटं रुंद. घराघरांतून जे ऐकून येते ते त्यात मावत नाही, म्हणून मी फॉर्मच्या पाठीवर लिहायला लागले. आता पाठीही भरल्यात. तेव्हा तुम्हीच ऐका, नाहीतर माझं डोकं फुटेल.

काम असं. पनवेलच्या आसपासच्या बायकांना विचारायचं, गेल्या महिन्यात दूध किती वेळा घेतलं, पालेभाजी किती वेळा खाल्ली, अंडं किती वेळा. मग त्यांच्याच घरी तीन दिवस वजनकाटा घेऊन बसायचं आणि बाईच्या ताटातलं सगळं मोजायचं. दोन्ही जुळलं तर फॉर्म खरा. मग तोच फॉर्म गावोगाव जाणार आणि कोणत्या बायकांना काय कमी पडतंय ते त्यावरून ठरणार. म्हणजे फॉर्म खोटा निघाला आणि कुणाला कळलंच नाही, तर बायका नुसत्या कागदावर जेवणार!

*

पहिलंच घर सुकापूरचं. सुनंदा, माझ्याच वयाची, भिंतीला टेकून उभी. उठताना चक्कर येते म्हणून हळू हालचाल. मी विचारते तिला, उत्तरं देते सासू.

“लिवा, सगलं खाते ती. दूध रोज, अंडी रोज. आमच्या घरात काय कमी हाय?”

“आजी, त्यांना सांगू द्या ना.”

“ती काय सांगनार? वाढते मी!”

निघताना सुनंदा मला गेटपर्यंत सोडायला आली. मी हळूच विचारलं, “खरं सांगा.”

“सगल्यांचं झालं की टोपात असेल ते.”

हे मी शेऱ्यात लिहिलं. आमच्या सरांनी त्यावर लाल रेघ मारली. सर साठीला टेकलेत, ऑफिसच्या बाहेर पडत नाहीत. म्हणाले, “ऐकीव गोष्टी नकोत. सासूबाईंचं उत्तर ठेव. काट्यावर कळेलच.”

ठीक आहे, म्हटलं. काट्यावर बघू!

*

नवीन पनवेलचा टू बीएचके. बाई बँकेत नोकरीला, शिकलेली. इथे तरी नीट उत्तरं मिळतील असं वाटलं होतं. पण नवरा सोफ्यावरून, लॅपटॉपमधून डोकं वर न काढता, “फळं? रोज! मीच आणतो ना.”

“आणता तुम्ही. पण खातात का त्या?”

“घरात आहेत म्हणजे खातच असणार!”

बाई किचनमधून म्हणाली, “हो तर! रोज सोलते मी.”

*

करंज्याला एक मावशी अंगणात जवळा वाळत घालत बसलेल्या. फॉर्ममध्ये मासे म्हणजे फक्त ताजे मासे. मी विचारलं, “ताजे मासे गेल्या महिन्यात किती वेळा?”

“ताजं इकायला असतं गो. आमी सुकं खातो.”

“सुकं फॉर्ममध्ये नाहीये, मावशी.”

“मंग खातो ते लिवायला जागा नाय, तर इचारतेस कशाला?”

मी सरांना फोन केला. “सर, सुक्या मासळीची एक ओळ वाढवू या.”

“फॉर्म वरून मंजूर होऊन आलाय. आता ओळ वाढवता येत नाही.”

“मग मावशीच कमी करू का?”

सरांनी फोनच ठेवून दिला.

*

आपटे गावची एक बाई. मी आमची स्टीलची मापाची वाटी पुढे केली. “भाजी किती वाट्या घेता?”

ती हसली. “मी वाटीत घेतच नाय. शेवटाला कढईतच भात कालवते, कढई पन पुसून निघते.”

ऑफिसात मी विचारलं, “सर, पुसलेली कढई म्हणजे किती वाट्या?”

“कढई हे माप नाही. एक वाटी टाक.”

अशी ती एक वाटी! वर्षानुवर्षं कढई पुसणाऱ्या बाईला आम्ही एका झटक्यात वाटीभर भाजी खाऊ घातली.

*

घरी आईकडूनही फॉर्म भरून घेतला, तर ‘दूध रोज’च्या रकान्यात तिची टिक. मी ओरडले, “आई! दूध कधी पितेस तू?”

“चहात काय असतं मग?”

चिडू कुणावर आणि किती?

*

आणि मग सुनंदाच्या घरी काटा घेऊन बसायची पाळी आली. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “आज पावनी हाय, तर नीट वाढते हां.” सुनंदाचं ताट सगळ्यांच्या आधी वाढलं! गरम भाकरी, कालवण, दोन अंडी, वर दुधाचा ग्लास. “मोजा! नीट मोजा!”

“आजी, रोज वाढता तसंच वाढा.”

“मंग रोजचंच तर हाय!”

तिन्ही दिवस तेच. सुनंदा मान खाली घालून जेवत होती, एक कणही न टाकता. मी दात-ओठ खात आकडे लिहीत होते. तिसऱ्या दिवशी आकडे कळवले, तर संध्याकाळी सरांचा फोन. “बघ! तंतोतंत जुळलं. उगाच संशय घेतेस तू. हे घर आपलं बेस्ट घर!”

मी फोन आपटला. काटा पिशवीत भरायला लागले. सासूबाई बाहेर शेजारणीला “आमची केस पास झाली” म्हणून सांगत होत्या. सुनंदा पुढे आली, काट्याची ताटली पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिलीच नाही.

“ताई, ह्या काट्याला इथंच ऱ्हाऊ द्या ना. सेल काढून नेलेत तरी चालेल.”