फलक वाचत हिंडणारे मिलिंददादा

मी प्रयोगशाळेत होते तेव्हा पप्पांचा फोन आला. "मिलिंददादा गेले गं..." त्याला महिना झाला. पण त्यांच्याबद्दल लिहायला बसले की रडण्याआधी हसूच येतं. काय माणूस होता राव!

दादा काळेवाडीत आमच्या शेजारी राहायचे, चाकणच्या कंपनीत क्वालिटी तपासायचे. सुट्टी मिळाली की निघाले! कुठं विद्यापीठ, कुठं मोठी संस्था. तिथं जाऊन पीएच.डी. करणाऱ्यांच्या नावांचे फलक वाचायचे. आल्यावर वस्तीतल्या बुद्धविहाराबाहेर आम्हाला धरायचे. "आपली पोरं शिकतात, पण कुठं? सगळी इथंच, ताथवड्याच्या कॉलेजात! तिकडच्या फलकावर आपल्या वस्तीतलं एक नाव नाही. का? डोकं कमी आहे?"

मीही ताथवड्यातच पीएच.डी.ला नाव घालणार होते. घरचा डबा, दाराशी बस. दादा भडकलेच. "जवळ आहे म्हणून कोथिंबीर घेतात, पीएच.डी. नाही!" समोर बसवून त्यांनी माझ्याकडून हैदराबादच्या एका मोठ्या संस्थेचा अर्ज भरून घेतला, आणि माझी निवड झाली! प्रवेशाला पप्पांबरोबर रजा टाकून तेही आले. तिथं कागद तपासणाऱ्या मॅडमनी माझा जातीचा दाखला बाजूला ठेवला. पप्पांनी तो लॅमिनेट केला होता. आमच्याकडे घरोघरी हेच. दाखला हाती आला की आधी लॅमिनेशनचं दुकान. शिक्का नीट तपासता येत नाही, आज लॅमिनेशन नसलेला दाखला दिला नाही तर जागा जाईल, असं त्या म्हणाल्या. पप्पा म्हणाले, "माझ्यामुळं झालं..." दादांनी खिशातून कंपनीतलं तपासणीचं भिंग काढलं, दाखला खिडकीशी धरून त्यावरचा नंबर वाचला आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "मॅडम, खोटं करणारा माणूस कागदाला इतका जपत नाही. नंबर तर टाकून बघा." मॅडमनी नंबर संगणकावर टाकला. बघतो तर काय, जुळला! मी अख्ख्या रांगेदेखत ओरडले.

परवा आमच्या विभागात चाकणजवळच्या कुरुळीची पल्लवी पीएच.डी.ला आली. उतरल्या उतरल्या तिनं फोन केला, म्हणून तिला घ्यायला मी स्टेशनवर गेले. तिच्या हातात एक चिठ्ठी होती, दादांच्या अक्षरातली. 'उतरलीस की आधी हिला फोन कर. आपलीच आहे.' खाली माझा नंबर. मला भडभडून आलं.

"ही मला देतेस? आठवण म्हणून..."

तिनं चिठ्ठी पटकन मुठीत घेतली. "न्हाई ताई. माझा बी नंबर लिहायचाय हिच्यावर. पुढच्या वर्षी आमच्या गल्लीतली प्रिया येतीय."