गोळी लागली होती का?

या, जरा जवळ सरकून बसा. आणि आधी माझी थोडी बोलणी खा. फौजेतून परतलेल्या माणसाला तुम्ही सिव्हिलियन लोक एकच विचारता: किती मारले? मी बाई असून मलाही तेच. इतकी वर्षं नोकरी केली, पण कोणी एकदा विचारलं नाही, की बाई, तिथं ताप आला तर काय करत होतात? विचारायला पाहिजे होतं. आज तेच सांगते.

मी केंद्रीय दलाच्या महिला कंपनीत हवालदार होते. शाळा दहावीपर्यंत झाली. पुढचं वाचणं-लिहिणं बराकीतल्या खाटेवर बसून माझं मीच शिकले, म्हणून लिहितानाही बोलल्यासारखंच लिहिते. सांभाळून घ्या.

पोस्टिंग छत्तीसगडच्या सीमेजवळच्या जंगलात होतं. पहाटे हजेरीला रांगेत, म्हणजे फॉल-इन. मग रोड ओपनिंग, म्हणजे गाड्या जाण्याआधी सुरुंग आहे का ते पाहत रस्ता पायी तपासत जायचा. दुपारी परत. हत्यार साफ, वर्दी धुतली, जेवण, पहारा. दुसऱ्या दिवशी तेच. गोळीबार वर्षात एखाद-दोनदा होई. डास रोज होते.

माझ्या सेक्शनमध्ये सुनंदा होती. भिवापूरकडची. कॉन्स्टेबल. घरी चार वर्षांची पोरगी, प्रणाली. पावसाळ्यात सुनंदाला ताप भरला. कॅम्पवर मलेरियाच्या गोळ्या होत्या, त्या दिल्या. कोणता मलेरिया, हे पाहायची टेस्ट नव्हती. तिसऱ्या दिवशी ती बरळायला लागली. मी वायरलेस सेटवर बसले.

"कंट्रोल, पेशंट एक, बेशुद्ध. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"ढग खाली आहेत. हेलिकॉप्टर उडणार नाही. रस्त्यानं आणा. ओव्हर."

"रस्ता ओपन नाही. ओव्हर."

"ओपन करत आणा. आउट."

आम्ही रस्ता तपासत स्ट्रेचर नेलं. एरवी गाडीनं थोडक्यात होणारं अंतर, त्या दिवशी पाऊल टाकण्याआधी पाहायचं आणि मग टाकायचं. इस्पितळाच्या अलीकडे, पुलापाशी, सुनंदा गेली. कोणी रडलं नाही. पोझिशन सोडता येत नव्हती.

कागदावर लिहिलं: सेवेत असताना आजाराने मृत्यू. 'कारवाईत' असं लिहिलं नाही, कारण कारवाई नव्हती. मला त्यात तेव्हा काही खटकलं नाही. खटकलं ते पुष्कळ वर्षांनी, नागपुरात.

मी निवृत्त होऊन नागपुरात राहते. प्रणाली आता मोठी झाली. बाप मौद्याच्या पॉवर प्लांटवर ठेकेदाराकडे कामाला. पोरीनं मेडिकलची नीट परीक्षा दिली, पण सरकारी जागेसाठी मार्क थोडे कमी पडले. तेवढ्यात नागपूरबाहेरच्या एका खाजगी मेडिकल कॉलेजचं कळलं. त्यांच्या ट्रस्टनं देशासाठी जीव दिलेल्यांच्या एका लेकराची पूर्ण फी भरायची ठरवली होती. निवड मुलाखतीवर. ही जागा गेली, तर डॉक्टर होणं आणखी एक वर्ष लांब, आणि मार्क वाढतीलच याची खात्री नाही.

आदल्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मी खुर्ची ओढून साहेब बनले.

"डॉक्टर काहून व्हायचं आहे तुले?"

"लहानपणापासून मला समाजसेवेची आवड..."

"हे कोणी शिकवलं वं? पुढारी होऊन राहिली का?"

हसली. म्हणाली, "क्लासवाल्या सरांनी सांगतलं, असंच बोल म्हणून."

"तुह्या मनातलं सांग."

ती म्हणाली, "मावशी, एक टेस्ट नव्हती म्हणून माय गेली. मले ते पचत नाही. मी जिथं राहीन तिथं ती टेस्ट असली पाहिजे."

मी म्हटलं, "बस्स. हेच सांगजो."

सकाळी पोचलो. बापाला सुट्टी मिळाली नव्हती, पालक म्हणून मीच. हॉलमध्ये एसी, सगळ्या पोरांच्या मांडीवर फायली. आमच्या आधी अमरावतीकडचा एक मुलगा आत गेला. वडील चकमकीत गेलेले. बाहेर आला तो सरळ वॉश बेसिनवर. उलटी केली, तोंड धुतलं, आणि प्रणालीला हळूच म्हणाला, "ते अंत्यविधीचा व्हिडिओ मागतात. मोबाइलमध्ये असेल तर काढून ठेव."

आत तिघं होते. मधे ट्रस्टचे अध्यक्ष. उजवीकडे धंतोलीत स्वतःचं हॉस्पिटल असलेले एक सर्जन. डावीकडे समुपदेशक म्हणवणाऱ्या एक मॅडम. आणि कोपऱ्यात फोटोग्राफर. मला मागच्या खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, पालकांनी बोलायचं नाही.

"बस बेटा," अध्यक्ष म्हणाले. "मम्मी कुठे शहीद झाल्या?"

"कॅम्पवरून दवाखान्यात नेताना, सर. मलेरियानं."

"म्हणजे, गोळी लागली होती का?"

"नाही, सर."

"स्फोट वगैरे?"

"नाही."

अध्यक्षांनी सर्जनकडे पाहिलं. सर्जन मोबाइलमध्ये होते. मान वर न करता म्हणाले, "मलेरिया तर इथेही होतो."

हा माणूस डॉक्टर. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

मग मॅडम पुढे वाकल्या. "बॉडी घरी आली तेव्हा तुला समजलं होतं का गं? काय वाटलं? मोकळी हो. रडू आलं तरी चालेल."

फोटोग्राफर एक पाऊल पुढे सरकला.

प्रणाली रडली नाही. "मी चार वर्षांची होती, मॅडम. मले आठवत नाही."

"मला," मॅडमनी सुधारलं. "मला आठवत नाही."

अध्यक्षांना बहुतेक घाई होती. "बरं, एक काम कर. उभी राहा, आईसाठी एक सॅल्यूट मार. फोटो छान येईल."

"डोक्यावर टोपी नसली तर सॅल्यूट करत नाहीत, सर."

"अगं, फोटोपुरता!"

"फोटोपुरता तर नाहीच करत, सर."

अध्यक्ष मॅडमकडे वळून हसले. "ॲटिट्यूड आहे हं."

मी उभी राहिले. "साहेब, तुमचा एक प्रश्न राहिला."

"कोणता?"

"डॉक्टर काहून व्हायचं आहे, हा."

"मॅडम, पालकांनी बोलायचं नसतं. नेक्स्ट."

संपलं. जीवशास्त्राचा एक प्रश्न नाही, रुग्णाबद्दल एक शब्द नाही. दलात भरतीच्या वेळी आमची छाती मोजली, दात पाहिले, धावायला लावलं. तेव्हाही लाज वाटली होती, पण ते आमचं शरीर होतं आणि काम शरीराचं होतं. इथं पोरांच्या घरातलं मरण मोजून राहिले होते. कोणाचं जास्त रक्ताचं, कोणाचं फोटोत चांगलं दिसंल.

परतताना ऑटोत प्रणाली बाहेर पाहत बसली होती. म्हणाली, "मावशी, एक सांगू? रागावजो नको."

"बोल."

"आत बसली असताना मले वाटून गेलं, माय गोळीनं गेली असती तर बरं झालं असतं. सीट भेटली असती. माह्याच मायबद्दल असं वाटलं मले."

मी तिचा हात धरला. मी जंगलात पुष्कळ काही पाहिलं आहे. पण असं काही ऐकलं ते पहिल्यांदा, भर दुपारी, ऑटोत. पोरीची निवड करू नका, तुमची जागा, तुमचा पैसा. पण लेकराला आपल्या आईच्या अंगात गोळी असावी असं वाटायला लावता? याला मुलाखत म्हणता? थूं.

जागा त्या अमरावतीच्या मुलाला मिळाली. त्याच्यावर आमचा राग नाही. त्यानं त्याची किंमत बेसिनवरच दिली. प्रणाली पुन्हा नीटला बसते आहे. माझ्याकडेच राहते, समोरच्या खोलीत. निवड झाली नाही हे तिला आता फारसं लागत नाही. ऑटोत आलेला तो विचार लागतो. अजून कधीकधी जेवता जेवता थांबते.

म्हणून मी तिला सुनंदा सांगते. गेलेली नाही, असलेली. सेटवर कंट्रोलशी बोलताना 'ओव्हर' विसरायची आणि म्हणायची, "आइकून राहिला का गा, कंट्रोल?" वायरलेसच्या पूर्ण नेटवर लोक हसायचे. शिक्षा म्हणून पाठीवर पिठ्ठू, म्हणजे सामानाची जड पिशवी, बांधून मैदानाचे चक्कर. धावता धावताही हसायची. पहिली पोळी भाजायची ती अर्धी पांढरी, अर्धी जळकी, आणि ती माझ्याच ताटात टाकायची. नेमबाजीत कंपनीत दुसरी. पहिली मी, असं मी म्हणते. ती असती तर भांडली असती.

कंपनीतल्या आम्ही बाया दरवर्षी, ती गेली त्या तारखेला, माझ्याकडे जमतो. कोणाचे गुडघे गेले, कोणाचे दात. तिचं नाव कोणत्या दगडावर नाही, तर आम्ही तोंडानं घेतो. यंदा प्रणाली आमच्यात बसली आणि पहिल्यांदा पोट धरून हसली.

तुम्हीही या ना. लवकर या, पुढच्या रविवारीच या. पोरगी घरीच असते. फक्त तिची माय कशी गेली, हे तिले विचारू नका. कशी होती, ते विचारा. आता तिले सांगता येते.