कानबाईआधीची साफसफाई

नळाच्या पाण्याला जंतू मारायला टाकलेल्या टीसीएल पावडरीचा उग्र वास आला की मला तळोद्याच्या घरातली ती सकाळ आठवते. दुसऱ्या दिवशी श्रावणातली आमची कानबाई देवी बसणार होती, भिंतींना नवा रंग दिला होता आणि सासरहून बहीण दुपारी यायची होती. लग्न होऊन जाताना तिनं तिची माशांची टाकी माझ्या हवाली केली होती, "त्यास्ले जपजो भाऊ" म्हणत. आई म्हणाली, "ती काच दख, कशी शेवाळेल शे!" मी मासे पातेल्यात काढले, सगळं हिरवट पाणी गटारीत ओतलं, दगड घासले आणि नळाच्या ताज्या पाण्यानं टाकी भरून मासे परत सोडले. थोड्याच वेळात पाचही एंजल मासे वर येऊन तोंडं वासू लागले. मला वाटलं, त्यांना आणखी ताजं पाणी हवंय. आई नळावरून बादल्या आणत होती, "आखो एक टाकू का?" विचारत होती, आणि मी मगानं टाकीतलं पाणी उपसत रडवेला होऊन "टाक, टाक" म्हणत होतो. तिसऱ्या बादलीला मासे आडवे झाले, तेव्हा कुठे मला माझ्या हातांना येणारा टीसीएलचा वास जाणवला. दुपारी बहीण आली. दारातूनच टाकीची काच बघून म्हणाली, "कितली चकचकीत करी दिन्ही रे भाऊ!" अजूनही मी नळाचं पाणी वास उडेपर्यंत दोन दिवस बादलीत उघडं ठेवतो. घरात मासा एकही नाही.