जीपचा सेल्फ लागला तेव्हा

लग्न होऊन मी किकवीहून विंझरला आले, तेव्हा सासरच्या अंगणात बैलगाडीशेजारी एक जीप उभी असायची. लष्कराच्या लिलावातली, जुनी, हिरवा रंग जागोजागी उडालेली. माझे यजमान ती वेल्ह्यापासून हमरस्त्यापर्यंत चालवायचे. बाजारकरी, लग्नाची वऱ्हाडं, पुण्याच्या दवाखान्यात न्यायचे पेशंट, सगळं त्या जीपमधून जायचं. ही सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट.

सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. घरात सासूबाई, धाकटे दीर आणि आम्ही दोघं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. स्वभावानं वाईट नव्हत्या, पण रीत म्हणजे रीत. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, ही त्यांच्या घरातली रीत. काही सांगायचं असलं तर ते आईला सांगायचे आणि आई मला. "हिला म्हणावं भाकरी बांध," असं ते माझ्यासमोर उभं राहून त्यांना म्हणायचे. मला हसू यायचं आणि मग एकटी असले की रडूही यायचं. माणूस तसा गोड होता. पण मला त्याची ओळखच झाली नव्हती.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता जीपचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटार, बिघडला. पायाशी एक लोखंडी बटण होतं, ते टाचेनं दाबलं की इंजिन घरघरून सुरू व्हायचं. आता दाबलं तरी आतून नुसतं कण्हल्यासारखं व्हायचं आणि थांबायचं. हँडल मारलं की गाडी सुरू व्हायची, उतारावर ढकलली की सुरू व्हायची. म्हणून ती कायम देवळापाशी उतारालाच लावायची. सवाऱ्या बसायच्या, मग उतरायच्या, ढकलायच्या आणि परत बसायच्या. गुंजवणी नदीच्या काठापर्यंत लोकांची थट्टा चाले. एक म्हातारेबुवा तर म्हणाले, "तुझ्या जीपनं जायाचं म्हंजी आधी न्याहारी करून यावं लागतं."

यजमानांना ते लागायचं. त्यांनी बॅटरीची टोकं घासली, पांढरी बुरशी पुसून काढली. फरक पडला नाही. मग सेल्फच खोलून पोत्यात बांधला आणि एसटीनं पुण्याला नेला. तिथल्या मिस्त्रीनं त्याची झिजलेली कार्बनं बदलली, टेबलावर ठेवून फिरवून दाखवला. भिंगरीसारखा फिरला म्हणे. घरी आणून बसवला, तर पुन्हा तेच कण्हणं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. आत्याबाईंनी जीपच्या पुढच्या बाजूला लिंबू-मिरची बांधली.

दिवाळी तोंडावर आली होती. दीर भाताच्या कापणीला वरच्या वावरात गेलेले. दुपारी हे अंगणात आणलेल्या जीपखाली आडवे झाले आणि तिथूनच ओरडले, "आई, हिला म्हणावं गाडीत बस आन् बटण दाब. मला खालनं बघायचंय."

आत्याबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "बाईमाणसानं गाडीत बसून पाय मारायचा? लोक काय म्हनतील?"

"मग तू बस."

आत्याबाईंनी जीपकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "जा गं. पदर नीट खोच."

मी आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागेवर बसले. पाय कसाबसा बटणापर्यंत पोचला. खालून आवाज आला, "तो काळा दांडा दिसतो का, म्होरच्या फळीवर? तो चोक. वढून धर. आन् म्या म्हनलं की दाब."

मी चोक ओढून धरला.

"दाब!"

दाबलं. कण्हलं.

"सोड. दाब. सोड."

किती वेळ हे चाललं कोण जाणे. दाब, सोड, दाब, सोड. लग्नानंतर आत्याबाईंसमोर ते माझ्याशी सरळ बोललेले हे पहिले शब्द. मला त्याचंच अप्रूप वाटत होतं, गाडीचं नंतर.

मग त्यांनी पुढचे दिवे लावले. "आई, दिव्याम्होरं हुबी ऱ्हा. ही दाबंल तवा दिवा बारीक हुतो का सांग."

आत्याबाई डाळीचं सूप बाजूला ठेवून आल्या. कपाळाला हात लावून दिव्याकडं बघत राहिल्या. "न्हाई रं. हाय तसाच हाय."

"म्हंजी बॅटरी चांगली हाय," ते स्वतःशीच बोलले. "वीज सेल्फपातूर जातच न्हाई. का जात न्हाई?" त्यांनी पायाचं बटण खोललं, साफ केलं, पुन्हा बसवलं. "दाब!"

दाबलं, आणि माझ्या हाताला चटका बसला. मी चोक सोडून दिला.

"अवो," मी म्हणाले. आत्याबाई समोरच उभ्या. "अवो, ह्यो दांडा तापलाय."

खालून पान्याची खडखड चालूच राहिली. मला वाटलं, रागावले. मी मोठ्यानं म्हणाले, "चोक तापलाय! हात लावून बघा."

ते बाहेर आले. केसात माती, गालाला काळं. चोकला बोट लावलं आणि झटक्यानं काढलं. मग माझ्याकडं असे बघत राहिले, की मीच खाली बघितलं. "परत दाब," ते म्हणाले, या खेपेला हळू. दाबलं, तर चोकच्या तारेच्या वेष्टणातून बारीकसा धूर निघाला.

"घावलं!" ते ओरडले आणि सरपटत पुन्हा खाली गेले. क्षणात चिखलानं माखलेली एक पट्टी हातात धरून वर आले. तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी, एका टोकाला पार कुजून तुटलेली. वर चिखल आणि ग्रीस इतकं साचलं होतं की बाहेरून धड वाटावी.

"इंजिन रबरावर बसलेलं असतं, रबरातनं वीज जात न्हाई," ते मला सांगू लागले. मला, आईला नाही. "वीज सेल्फमधी गेली तर तिला बॅटरीकडं परत यायला इंजिनाला सांगाड्याशी, म्हंजी चासीशी, जोडनारी ही पट्टी लागती. ही तुटली. मग ती बिचारी चोकच्या तारंतनं वाट काढाया बघती. पूल वाहून गेला आन् सगळा बाजार बारक्या लाकडी साकवावरनं चालला, तर काय हुईल? तसं झालं."

मला सगळं कळलं. इतकं नीट मला शाळेतसुद्धा कुणी समजावलं नव्हतं.

त्यांनी बॅटरी सोडवली, पेटीतून जुन्या जाड केबलचा तुकडा काढला. चासीवरचा गंज कानशीनं घासला. केबलचं तांब्याचं टोक काळं पडलं होतं, ते काही केल्या उजळेना. आत्याबाई घरात गेल्या आणि चिंचेचा गोळा घेऊन आल्या. "ह्यानं घास. माजी भांडी ह्यानंच निगत्यात." टोक लख्ख झालं. मग धुऊन, पुसून, कोरडं करून त्यांनी दोन्हीकडं बोल्ट आवळले.

"बस," ते म्हणाले. "तूच दाब."

मी दाबलं. इंजिन एका दमात लागलं. अंगणातल्या कोंबड्या चहूकडं उधळल्या. ते हसत होते. मी त्यांना असं मोकळं हसताना कधी बघितलंच नव्हतं. मीही हसत होते, आत्याबाईंसमोर, तोंडाला पदर न लावता.

त्यांनी गाडी बंद केली. आत्याबाई जीपभोवती एक चक्कर मारून आल्या. मग म्हणाल्या, "व्हय रं, म्या बी एकदा दाबून बगू का?"

आम्ही दोघांनी हात धरून त्यांना चढवलं. लुगडं सावरत त्यांनी पाय उचलला, जोडवी बटणावर वाजली आणि इंजिन सुरू झालं. त्या इतक्या दचकल्या, की दोन्ही हातांनी माझा दंड धरला. "लई ग्वाड लागली की गं!" म्हणाल्या, जसं काही बासुंदीबद्दल बोलताहेत.

रीत त्या दिवशी कुणी मोडली असं नाही. पण रात्री जेवताना ते मला म्हणाले, "चटणी वाढ," आणि आत्याबाईंनी चटणीची वाटी माझ्याकडं सरकवली. पुढं गाडीचं काही निघालं की ते ओसरीवर बसून मला सांगायचे. मला निम्मं कळायचं. मी ऐकत बसायची.

दिवाळीला त्यांनी आम्हाला किकवीला नेलं. आत्याबाई माझ्या माहेरी पहिल्यांदाच आल्या. वाटेत नसरापूरला ह्यांनी काही कारण नसताना इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं, दोनदा. माझी आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं विहीणबाईंवरून तो उतरून टाकला आणि दोघी उंबऱ्यावरच बोलत बसल्या. आम्ही गाडीतलं सामान उतरवत होतो.